२० टक्के योजनेतली घरं इतकी स्वस्त कशी? फरकाचे पैसे कोण भरतं?

सरकार रोख काही देत नाही. १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत, म्हणजे ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार वगैरे, बिल्डरचा भूखंड ४,००० चौ. मी. किंवा मोठा असला की २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात. ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात आणि त्यांची किंमत बाजारभावाने ठरत नाही, बांधकामखर्चाच्या हिशेबाने ठरते. या घरांचं क्षेत्रफळ एफएसआयमध्ये (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं, त्या मर्यादेत) मोजत नाहीत, म्हणजे बिल्डरचं जमिनीचं नुकसान तिथे भरून निघतं. थोडक्यात, फरक भरते ती एफएसआय.

पंतप्रधान आवास योजनेचं गणित वेगळं. तिथे भागीदारीतल्या प्रकल्पात घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असं अनुदान खरोखर येतं.

पण स्वस्त म्हणजे लगेच उचललं जातं असं नाही. विरार-बोळिंजची म्हाडाची (ही २० टक्क्यांतली नव्हेत, म्हाडाने स्वतः बांधलेली) हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती. पाण्याचा प्रश्न हे मोठं कारण. नियोजनात आधी पाइपलाइन हवी, मग इमारत.

माझ्या मावसभावाला २० टक्क्यांतलं घर लागलं. जेमतेम ३२० चौरस फूट, खिडकीतून समोरच्या टॉवरचा स्विमिंग पूल दिसतो. घराचा हप्ता जमतो हो, पण सोसायटीचं मेंटेनन्स बघून वहिनींनी कपाळाला हात लावला! अर्ज भरताना तो आकडा आधी विचारा.