फ्लेक्सवर अकरा जण, आणि बाकीचे?

दादा, तुमचा प्रश्न मला असा समजला: मुलगा मालवणला, दहावीला 94 टक्के. आयआयटी म्हणतो, पण डॉक्टरकीही सोडवत नाही. घरचे म्हणतात इथल्याच ज्युनिअर कॉलेजला ठेवा. मेहुणे म्हणतात पुण्या-कोल्हापूरकडचं निवासी इंटिग्रेटेड कॉलेज (बारावी आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकाच जागी) घ्या, नाहीतर थेट राजस्थानातलं कोचिंगचं गाव, कोटा. दोन वर्षांचे पाच-साडेपाच लाख जातील, त्याने खरंच फरक पडतो का?

माझी एक मुलगी बाहेर राहून शिकली आणि मुलगा घरी राहून, म्हणून लिहितेय. लांबेल जरा.

मोठीला 2022 मध्ये पाठवलं, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका निवासी कॉलेजात. नाव घेत नाही. कणकवली स्टँडसमोर त्यांचा भलामोठा फ्लेक्स होता, आयआयटीला लागलेल्या अकरा मुलांचे फोटो. आमच्या ह्यांनी गाडीतूनच तो पाहिला आणि ठरवून टाकलं. बागेचा हंगाम बरा गेला होता, पहिला हप्ता आंब्याच्या पेट्यांतूनच निघाला. हे अकरा कितीतले, एवढं दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

ते तिथे गेल्यावर कळत गेलं. सहा बॅच, प्रत्येकीत साठेक मुलं. फोटोतली बहुतेक पोरं पहिल्या बॅचची, आठवीपासून फाउंडेशन, म्हणजे याच परीक्षांची आगाऊ तयारी, करून आलेली, आणि त्यांची फी निम्मी नाहीतर माफच. दोघं तर तिथे शिकलेच नव्हते, नुसती टेस्ट सिरीज लावली होती. थोडक्यात, आमच्यासारखे पूर्ण फी भरणारे त्या फ्लेक्सचा खर्च उचलत होते.

मुलगी दुसऱ्या बॅचला लागली. दर रविवारी टेस्ट, सोमवारी संध्याकाळी मेसच्या दाराला यादी: नाव, गुण, क्रमांक. ताट घेऊन रांगेत उभं राहायचं ते त्या यादीसमोरच. दिवाळीनंतर ती चौथ्या बॅचला उतरली. बॅच उतरली की शिकवणारेही बदलतात, हे प्रवेशाच्या वेळी कोणी बोललं नव्हतं. वरच्या दोन बॅचना फिजिक्सला मुरलेले सर, चौथीला त्याच वर्षी इंजिनिअर होऊन आलेला मुलगा, जो रात्री स्वतःच्याच कसल्यातरी परीक्षेची तयारी करायचा. जानेवारीत फोनवर ही पोरगी, जी एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलते, एकदम म्हणाली, "आई, माका घराक येवचा आसा." आजीशी मालवणीत बोलते तसं. मी ओळखलं काय ते. पण दुसरा हप्ता गेला होता, पावतीमागे 'फी परत मिळणार नाही' छापलेलं होतं, म्हणून ठेवली. ती चूक माझी.

(तेव्हा नव्हतं, आता आहे: जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत, होस्टेल-मेसचीही. अंमल राज्याकडे आहे, तेव्हा फार विसंबू नका, पण फीची अट लिहून मागताना त्यावर बोट ठेवता येतं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींसाठीही सूचना काढल्या: निकालानंतर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो छापायचा नाही, आणि तो कुठल्या कोर्सला होता हेही सांगायचं.)

त्याच कॉलेजात आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा पहिल्या बॅचला होता आणि त्याचं सोनं झालं, हेही सांगते. म्हणून म्हणते, फरक कॉलेजने पडतो त्याहून बॅचने पडतो, आणि पहिली बॅच पैसे भरून मिळत नाही. ती मिळणारं पोर बरंचसं तयार होऊनच तिथे जातं.

ही रड काही आपल्याकडचीच नाही. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेश परीक्षा घेणारी नावाजलेली सरकारी हायस्कुलं आहेत. अँग्रिस्ट, पाठक वगैरे अर्थतज्ज्ञांनी 2014 च्या अभ्यासात कटऑफच्या जेमतेम वर बसलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं ताडून पाहिली. कुवत सारखीच, एकाला मोठी शाळा मिळाली, दुसऱ्याला नाही. पुढच्या परीक्षांच्या गुणांत म्हणावा असा फरक निघालाच नाही. तिथल्या महागड्या खाजगी शाळांचा फायदा होतो तो वेगळ्या वाटेने. चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांनी 2023 मध्ये दाखवलं की गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं हार्वर्ड-येलसारख्या कॉलेजांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते. मोठं कारण हे की तिथे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप असतं, खेळाडूंची वेगळी भरती असते, आणि शिक्षकांची शिफारसपत्रं नि इतर उपक्रम मोजले जातात. शिफारसपत्र कसं लिहावं हे खाजगी शाळेला बरोबर ठाऊक असतं. आयआयटीच्या जेईईत आणि मेडिकलच्या नीटमध्ये यातलं काहीच नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मशीनला मुलगा मालवणचा की कोट्याचा हे कळत नाही. मग शाळेच्या नावाचे पैसे कशाला मोजायचे?

आता ज्याची खरी भीती बाळगायची ते. मेडिकलच्या राज्याच्या 85 टक्के जागांसाठी महाराष्ट्राचं डोमिसाइल (रहिवासी दाखला) लागतं आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते, काही ठरावीक अपवाद सोडून. कोट्याला बारावी केली, किंवा जवळ पडतं म्हणून गोव्याला केली, की ही दारं बंद आणि 15 टक्के ऑल इंडियाच्या गर्दीत उभं राहायचं. सावंतवाडीकडच्या एका ओळखीच्या घरात हे निकाल लागल्यावर कळलं. इंजिनिअरिंगला एवढं कडक नाही, पण तिथे होम युनिव्हर्सिटी आहे: ज्या विद्यापीठाच्या हद्दीत बारावी केली, तिथल्या बऱ्याच कॉलेजांत तुम्हाला झुकतं माप. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बारावी केली की आपली मुंबई धरतात, पुण्यातून केली की पुणे. मुंबईतलं चांगलं कॉलेज डोक्यात असेल तर घरी बसूनच तुमचं पारडं जड आहे.

सिंधुदुर्गात 2021 ला आणि रत्नागिरीत 2023 ला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, 100-100 जागांचं. आपल्याला वाटतं घरचंच आहे. पण 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना देणारा 70:30 चा नियम 2020 मध्ये गेला, तेव्हा तिथे लातूरच्या मुलाचा हक्क तुमच्या मुलाइतकाच.

आणि 94 टक्क्यांबद्दल रागावू नका. आपलं कोकण बोर्ड स्थापनेपासून दरवर्षी राज्यात पहिलं. 2025 ला दहावीचा निकाल 98.82 टक्के लागला. अभिमान आहेच, पण ज्या परीक्षेत जवळजवळ सगळे पास होतात तिच्यातले 94 जेईईबद्दल फारसं काही सांगत नाहीत. जेईई मेनला 14-15 लाख मुलं बसतात, त्यातली अडीच लाख ॲडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या दुसऱ्या परीक्षेला, पात्र, आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा 18,000 च्या आसपास. मुलाला एक जुना मेनचा पेपर घड्याळ लावून सोडवायला द्या. दहावी झालेल्याला अर्धाही जमणार नाही, तसा जमायलाही नको. तीन तासांत तो वैतागतो की एकाच गणितावर अडून बसतो, ते बघा. आमच्या धाकट्याने चाळीस मिनिटांत पेन टाकलं होतं आणि विचारलं, जेवायला काय आहे.

धाकटा 2023 ला दहावी झाला, त्याला घरीच ठेवला. कॉलेज कणकवलीत, फिजिक्स-मॅथ्सला गावातले सर, एक ऑनलाइन टेस्ट सिरीज. राज्य बोर्डाच्या पुस्तकांसोबत एनसीईआरटीची (केंद्राची) पुस्तकं पहिल्या दिवसापासून. त्याला आयआयटी मिळाली नाही, मोठीलाही नाही. दोघंही सीईटीवरून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवरून, इंजिनिअरिंगला गेले आणि दोघांचे पर्सेंटाइल जवळजवळ सारखे आले. दोन पोरांवरून सिद्धांत मांडू नये. पण साडेचार लाख कुठे गेले ते मला माहीत आहे, आणि धाकटा दोन वर्षं रात्री नीट झोपला हेही.

सीईटी हलकी समजू नका. अकरावीचा भाग 20 टक्के, बारावीचा 80, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न 2 गुणांचा. इंटिग्रेटेडवाले शेवटचा महिनाभर तिच्याकडे वळतात, घरचं पोर आधीपासून वळू शकतं. मेडिकल की इंजिनिअरिंग हे मात्र पहिल्या सहामाहीत ठरवा. दोन्ही डगरींवर पाय ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत.

तरीही पाठवायचंच ठरलं तर स्वतः जा, रविवार सोडून, कारण रविवारी पालकांसाठी मेसला गोड असतं. त्यांना विचारा: गेल्या वर्षी या कॅम्पसला बारावीला किती मुलं होती, त्यातली किती ॲडव्हान्स्डला पात्र ठरली, आणि माझ्या मुलाला जी बॅच देणार त्या बॅचमधून किती? त्या बॅचला फिजिक्स कोण शिकवतं, तो माणूस समोर आणा. बोर्डाची प्रॅक्टिकल्स कधी घेता? आमच्याकडे वर्षाची चार दिवसांत उरकली होती.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, फॉर्ममध्ये पसंतीचे 10 पर्याय देता येतात. निवासीवाले म्हणतील आधी आमची फी भरा, मग फॉर्म आम्हीच भरतो. फॉर्म आणि पासवर्ड दोन्ही स्वतःकडे ठेवा. बॅचचं ते काय उत्तर देतात तेवढं मला कळवा.