गार वारं आलं, मंग ऊन कमी होईल का?

प्रश्न: भाऊ, परवा वादळ अन् गारा झाल्या, आंबिया बहाराच्या (हिवाळा संपता फुललेल्या) बारक्या संत्र्यांचा झाडाखाली सडा पडला, आता पहाटे चादर लागते. यंदा उन्हाळा कमी तापन का जी? (एक वाचक, काटोल तालुका)

उत्तर: नाही जी, या गारव्यावर भरोसा ठेवू नका. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारा हवेचा खळबळाट, वरून सरकतो, बंगालच्या उपसागराची ओल त्याला भेटते अन् गारा होतात, पण तो गेला की ढग फाटतात, राजस्थानकडचं कोरडं वारं सुरू होते अन् पारा चार-पाच दिवसांत परत चढते. मे मध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे बहुतेक वर्षी पारा ४५ अंशांच्या वर जाते. मान्सून साधारण १५ जूनच्या आसपास, तोवर झाडाच्या आळ्यात काडीकचरा पसरा, पाणी संध्याकाळीच द्या, अन् दुपारी १२ ते ४ मजुरांना वावरात ठेवू नका, हे खरंच मनावर घ्या.