निसवणं म्हणजे फुलणं नव्हे

प्रश्न असा आला आहे: "आमची आजी 'भात निसवला' म्हणते, कृषिसल्ल्यात 'भात फुलोऱ्यात आला' लिहितात. दोन्ही एकच ना? आणि त्यापुढे परागीभवन म्हणावं की परागीकरण?"

एकच नाही. आजीचा शब्द अचूक आहे, आणि 'निसवलेलं म्हणजेच फुललेलं पीक' हे हल्ली सारखं कानावर पडतं त्याचा मला खरोखर राग येतो. आंबा मोहरतो, कपाशी पात्यावर येते, उसाला तुरा येतो, कांद्याला डेंगळे येतात. शेतकऱ्याने प्रत्येक पिकाला वेगळा शब्द दिला आणि आपण सगळ्याचं 'फुलणं' करून टाकलं.

निसवणं समजायचं तर आधी पोटरी पाहावी. लोंबी बाहेर पडण्याआधी शेवटच्या पानाच्या वेष्टनात दडलेली असते आणि धाटाचा तेवढा भाग फुगतो. ती पोटरी. पायाची पोटरीही तीच, दोन्ही 'पोट'च्या पोटातून आलेल्या. लहानपणी काकांनी बांधावर बसून एक पोटरी नखाने उभी चिरून दाखवली होती. आत पांढुरकी, ओलसर लोंबी अंग चोरून बसलेली, हाताला रेशमासारखी मऊ. ही लोंबी पोटरी फोडून बाहेर आली की भात निसवला. फुलं अजून मिटलेलीच असतात.

आता व्युत्पत्ती. माझ्या मते निसवणे हा 'सू' (जन्म देणे) धातूचा शब्द आहे, ज्यातून प्रसव, प्रसूती, सुत आले. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ठासून सांगितलं होतं की तो निसरणे, निसटणे यांच्या कुळातला. मग 'र' कुठे गेला आणि 'व' कुठून आला, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. त्यांचा दुसरा आक्षेप मात्र जोरदार होता: 'परागण व्हायच्या आधीच बाळंतपण? हे वनस्पतिशास्त्राच्या उलट आहे.' वरवर पाहता बरोबर. पण जन्म कुणाचा होतोय ते बघा. संस्कृतात फुलाला प्रसून म्हणतात, प्र + सू, म्हणजे जन्मलेलं. 'प्रसव' या शब्दाचाही एक अर्थ फूल असा आहे. निसवण्यात जन्म दाण्याचा नाही, फुलांचा आहे. दाण्याची गर्भधारणा पुढची गोष्ट. हे जुळलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

आणि केळ! खानदेशात केळी निसवते, म्हणजे खोडाच्या पोटातून केळफूल बाहेर पडतं. लागवडीची केळी परागाशिवायच धरतात, म्हणून त्यांत बी नसतं. परागाचा संबंधच नसताना शेतकरी बेधडक निसवणे म्हणतो, यापेक्षा वेगळा पुरावा मला नको.

फुलणं नंतर येतं. भाताची लोंबी बाहेर आली की साधारण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी शेंड्याकडची फुलं आधी उघडतात, बहुधा दुपारच्या आत. दोन तुसं विलग होतात, सहा पुंकेसर दोऱ्यांवर लोंबतात, तासाभरात तुसं पुन्हा मिटतात आणि रिकामे परागकोश बाहेरच लटकत राहतात. भात बहुतेक स्वतःच्याच परागावर भागवतो. त्या वेळी पावसाची झड लागली तर दाणा पळींज, म्हणजे पोकळ, राहतो. ज्वारीच्या पाण्याच्या वेळा बघा, पेरणीपासून पोटरी ५० ते ५५ दिवसांवर आणि फुलोरा ७० ते ७५ दिवसांवर. निसवणं त्या दोहोंच्या मधलं. त्याला फुलोरा म्हणाल तर पाण्याचा हिशेबच चुकेल.

परागकणातून नळी निघून बीजांडापर्यंत जाते आणि तिच्यातून दोन पुंयुग्मक, म्हणजे नर जननपेशी, उतरतात. एकाच्या मीलनातून गर्भ होतो, दुसऱ्यातून गर्भाचं अन्न. हे दुहेरी फलन सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली दाखवलं. ताटातला पांढरा भात म्हणजे त्या दुसऱ्या मीलनाचा साठा.

राहिलं परागीभवन की परागीकरण. शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नाही ते शुद्ध करणं, बाष्पीभवन म्हणजे जे बाष्प नाही त्याचं बाष्प होणं. त्या न्यायाने परागीभवन म्हणजे कशाचा तरी पराग होणं! क्रमिक पुस्तकांत तेच रूढ आहे, म्हणून परीक्षेत तेच लिहा. परागीकरणालाही हाच दोष लागतो. मी परागण लिहितो.