शेताच्या कडेसाठी मोवर निवडताना

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

शेताच्या कडेचं गवत कापायला मोवर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं गवत कापणीचं यंत्र, हवा म्हणून दोन कॅटलॉग पाठवून ‘यातला कुठला घेऊ’ असं विचारलंस. कॅटलॉग तूर्त बाजूला ठेव. टेप आणि वही घे आणि शेताच्या सगळ्या कडा पायी फिरून ये. कडेच्या गवताच्या पट्टीची रुंदी, उतार, चर, कुंपणाचे खांब, झाडांच्या खाली आलेल्या फांद्या, दगड, तारेचे तुकडे, जुन्या नळ्या असं सगळं लिहून काढ. गवत मऊ आहे की वाळून काडी झालंय ते बघ. झुडपं असतील तर खोडाची जाडी मोज. आणि एका प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून टाक: कापलेलं गवत जागेवर पडू द्यायचं की उचलायचं? यंत्राची जात या उत्तरावर ठरते. हॉर्सपॉवर त्यानंतर.

कडेवर फुलझाडं, मधमाश्या, मित्रकीटक टिकवायचे असतील तर गवत उचलावं लागतं. बारीक चुरा जागेवर कुजला की त्यातलं नत्र पुन्हा जमिनीत जातं, त्यावर दांडगी गवतं फोफावतात आणि नाजूक झाडं त्यांच्याखाली दबतात. दाट थर पडला तर नवी रोपंही उगवत नाहीत. अशा पट्टीसाठी कातरपट्टीचा मोवर उत्तम. तो कात्रीसारखा एकदाच आणि स्वच्छ कापतो, गवत अखंड पडतं, दाताळ्याने गोळा होतं. ताकद अगदी कमी लागते, लहान ट्रॅक्टरलाही जमतो. गवतातले किडेमुंगे फ्लेलपेक्षा (झोडपून चुरा करणारा मोवर, त्याचं पुढे सांगतो) कितीतरी कमी मरतात. कातरपट्टी वर-खाली तिरकी होत असल्याने बांधाचा उतारही कापता येतो.

पण हे यंत्र लाडाचं आहे. दगड किंवा तार लागली की पातं तुटतं. आडवं पडलेलं, ओलं गवत पट्टीच्या बोटांत, म्हणजे पात्यांखालच्या टोकदार दातांत, अडकून पट्टी तुंबते. चालू नसताना पट्टीचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे असावं लागतं, मीटरमागे साधारण २० मिलिमीटर. कापताना गवताच्या जोराने ते मागे येतं आणि पट्टी सरळ होते. हे अंतर गेलं की पातं चालवणारा दांडा वाकडा ओढला जातो आणि पाती बोटांवर घासू लागतात. शिवाय मागेपुढे सरकताना प्रत्येक टोकाला पातं बोटाच्या बरोबर मध्यावर थांबतंय ना, ते हाताने फिरवून बघायचं. अलीकडे-पलीकडे थांबत असेल तर कितीही धार लाव, गवत चावल्यासारखंच निघेल.

रोटरी स्लॅशर, म्हणजे पंख्यासारखी आडवी फिरणारी पाती असलेला मोवर, स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीला सोपा. वर्षातून एकदा उंच रान पाडायचं असेल तर चालेल. कडेच्या कामाला मात्र मी तो सहसा सुचवत नाही. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ६० ते ८० मीटर असतो. दगड सापडला तर तो मोकळ्या बाजूने शंभरेक मीटरपर्यंत उडू शकतो, आणि कडेपलीकडे बहुधा रस्ता किंवा दुसऱ्याचं शेत असतं. घ्यावाच लागला तर पुढून-मागून साखळ्यांची झालर असलेलाच घे. फिरत्या चकत्यांवर पाती बसवलेला डिस्क मोवर वैरणीच्या सपाट शेतासाठी असतो, दगडधोंड्यांच्या कडेसाठी त्याचा विचारच नको.

राहिला फ्लेल. तू लिहिलंस तशा मिश्र कडेसाठी, म्हणजे थोडं गवत, थोडी काटेरी झुडपं, मधूनच दगड, हाच ठीक. आडव्या रोटरवर पाती लोंबती बसवलेली असतात. दगड लागला की पातं मागे झुकतं, त्यामुळे मोडतोड कमी होते. चुरा आणि दगड बहुतेक खाली, झाकणाच्या आतच राहतात. पात्यांचे दोन मुख्य प्रकार. इंग्रजी वाय अक्षरासारखी पाती गवत आणि कोवळ्या फांद्या बारीक कापतात आणि ताकद कमी घेतात. हातोडी पाती जड असतात, लाकूड फोडतात, पण मऊ गवत कापण्याऐवजी झोडपतात. विक्रेता हातोडी पात्यांना ‘हेवी ड्युटी’ म्हणून पुढे करतो. तुझ्या कडेवर बोटापेक्षा जाड खोडं क्वचितच असतील तर त्या जडपणाचा उपयोग नाही, डिझेल तेवढं जास्त जाईल.

फ्लेलमध्येही बाजूला सरकणारा घे, आणि सरकणं हायड्रॉलिकने असू दे. हिशेब करून बघ. मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर १.७ मीटर धरलं तर मध्यापासून टायरची बाहेरची कड ८५ सेंटिमीटरवर येते. १.५ मीटरचा मोवर मधोमध असेल तर तो ७५ सेंटिमीटरपर्यंतच कापतो, म्हणजे टायर कुंपणाला घासला तरी १० सेंटिमीटर गवत उरणार. तोच मोवर ५० सेंटिमीटर सरकला तर टायरच्या ४० सेंटिमीटर बाहेर पोहोचतो. खांब आला की आत घ्यायचा, गेला की बाहेर काढायचा. बोल्ट काढून सरकवायचा प्रकार स्वस्त पडतो, पण प्रत्येक खांबाशी उतरून पाना कोण फिरवणार?

चर किंवा उभा बांध कापायचा असेल तर यंत्राच्या लोखंडी हातावर बसवलेला, खाली-वर तिरका होणारा मोवर लागतो. त्याचं वजन एका बाजूला लोंबतं, म्हणून त्याला जड आणि रुंद चाकांचा ट्रॅक्टर हवा. उताराच्या खालच्या अंगाला हात पसरला की ट्रॅक्टर उलटण्याचा धोका वाढतो. हलक्या ट्रॅक्टरमागे हे यंत्र जोडूच नकोस. आणि कुठल्याही उतारावर रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी कमान) उभा आणि सीटचा पट्टा बांधलेला हवा.

आता ट्रॅक्टरशी जुळणी. इंजिनच्या हॉर्सपॉवरपैकी पीटीओवर, म्हणजे यंत्राला ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, साधारण ८५ टक्के मिळते. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ३८ च्या आसपास. मध्यम फ्लेलला मीटरमागे २० ते २५ एचपी धर. १.५ मीटरला ३० ते ३७ म्हणजे जमलं, १.८ मीटरला ३६ ते ४५ म्हणजे ओढाताण. रुंद यंत्राने काम लवकर उरकतं हे कडेवर फारसं खरं नाही. एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद पट्टी १.५ मीटरच्या मोवरने दोन-तीन फेऱ्यांत होते. ताशी चार किलोमीटरने वळणं धरूनही तासाभराचं काम. तेवढ्यासाठी फाटकातून न जाणारं यंत्र कशाला?

वजनाकडे लोक बघत नाहीत. या मापाचा सरकता फ्लेल ३५० ते ४५० किलोचा असू शकतो, आणि ते सगळं मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. मोवर उचललेला असताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या मोकळ्या वजनाच्या किमान २० टक्के भार राहिला पाहिजे. वजनकाट्यावर पुढची चाकं चढवून बघ, कमी भरलं तर पुढे वजनं लाव. नाहीतर स्टिअरिंग हलकं लागतं आणि चढावर पुढची चाकं उचलतात.

यंत्र ट्रॅक्टरला जोडायच्या पिना मोज. जोडणीच्या मापांपैकी कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ आणि टॉप लिंकची (वरच्या जोडदांड्याची) १९ मिलिमीटर, कॅटेगरी २ मध्ये २८ आणि २५. पीटीओचा वेगही यंत्रावर लिहिलेला असतो. मिनिटाला ५४० फेऱ्यांचं यंत्र १००० वर चालवलं तर पात्यांवरचा ताण सुमारे साडेतीन पट होतो, मग ती सुटून बाहेर येतात. तुझ्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्यावर पीटीओही थांबत असेल तर एकदिशा क्लच असलेलाच मोवर घे. तो नसेल तर तू ब्रेक दाबत असताना फिरता जड रोटर गिअरबॉक्समधून चाकांनाच फिरवतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो. कुंपणाजवळ हे चांगलंच अंगाशी येतं.

पीटीओपासून मोवरपर्यंत ताकद नेणारा शाफ्ट जसा आला तसा बसवू नकोस. दोन्ही अर्धे आपापल्या टोकांना लाव, शेजारी-शेजारी धर आणि हायड्रॉलिक हळूहळू वर-खाली करून सगळ्यात कमी अंतर कुठे येतं ते बघ. बहुधा दोन्ही टोकं एका पातळीत आल्यावर येतं. तिथे नळी टेकण्याआधी २५ ते ४० मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. सगळ्यात लांब स्थितीत नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत असाव्यात. कापायचं तर आतली, बाहेरची आणि दोन्ही प्लास्टिक कवचं सारखीच काप, कडा कानशीने घास, ग्रीस लाव. लांब शाफ्ट तसाच राहिला तर मोवर उचलताना तो गिअरबॉक्सचं किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंग फोडतो, आणि दोष यंत्राला जातो. हे सगळं इंजिन बंद आणि किल्ली खिशात असताना.

शाफ्टवर स्लिप क्लच, म्हणजे जास्त भार आला की घसरणारा क्लच, असेल तर पावसाळाभर उभा राहून त्याच्या चकत्या गंजून चिकटतात. मग खोड अडकलं तरी तो घसरत नाही, गिअर तुटतो. हंगामाच्या सुरुवातीला चकत्यांच्या कडेवर खडूने एक सरळ रेघ ओढ. प्रत्येक स्प्रिंगचा नट दोन फेरे सैल कर, सीटवर बसून पीटीओ दोन-तीन सेकंद चालवून बंद कर. सगळं थांबल्यावर उतरून बघ. रेघ तुटून चकत्यांवर मागेपुढे झाली असेल तर क्लच मोकळा आहे, नट तेवढेच दोन फेरे परत आवळ. सरळच असेल तर उघडून साफ करावा लागेल.

जुना फ्लेल बघायला गेलास तर रंगाकडे दुर्लक्ष कर. झाकणाखाली टेकू लावून रोटर हाताने फिरव, टोकांशी वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ बघ. बेअरिंगपाशी तार किंवा सुतळी गुंडाळलेली असेल तर आतलं सील गेलंच म्हणून समज. रोटर फिरवणाऱ्या पट्ट्यांचं कव्हर काढायला लाव. आत काळी भुकटी म्हणजे पट्टे घसरतायत, एकतर सैल आहेत किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. पट्टे बदलायचे तर सगळे एकदम, कारण जुन्या-नव्या जोडीत सगळा भार नव्यावर येतो. पात्यांचंही तसंच. एकच बदललंस तर रोटरचा तोल जातो आणि थरथर सुरू होते. निदान समोरासमोरची जोडी बदल, वजन सारखं बघून.

कापण्याची उंची ८ ते १० सेंटिमीटर, मागच्या रोलरवरून ठरव. त्याहून खाली गेलास की पाती माती खातात आणि धार पहिल्याच दिवशी जाते. नव्याने पेरलेली पट्टी पहिल्या वर्षी तण फुलण्याआधी दोन-तीनदा काप, नंतर वर्षातून एकदा पुरे. दरवर्षी अर्धीच काप, उरलेली पुढच्या वर्षी, म्हणजे कीटकांना आसरा राहतो. पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळ. पिकाच्या बाजूने सुरुवात करून कुंपणाकडे सरक, आतल्या जिवांना पळायला वाट मिळते. आणि तणाने भरलेल्या कडेवरून चांगल्या कडेवर जाताना झाकणाखालचा चुरा झाडून काढ, त्यात बी असतं.

मागच्या टायरांमधलं बाहेरून बाहेर अंतर, पिनांची जाडी आणि तुझ्या सर्वात अरुंद फाटकाची रुंदी कळव. मग १.२५ की १.५ मीटर ते ठरवू.