आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

प्रश्न : माझ्याकडे 2011 ची, एअर सस्पेन्शन असलेली एसयूव्ही आहे. रात्री उभी केली की सकाळी मागची डावी बाजू बसलेली असते. सुरू केल्यावर वर येते, पण हवा भरणारा कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरतो. मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसर बदला. बदलू का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : इतक्यात नको. कॉम्प्रेसर दमलाय खरा, पण त्याला दमवणारी गळती दुसरीकडे आहे. ती तशीच ठेवून नवा बसवलात, तर तोही त्याच वाटेने जाईल.

संध्याकाळी सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढा. हा फ्यूज महत्त्वाचा. काही गाड्या बंद असतानाही अधूनमधून पातळी सारखी करतात. मग गळतो एक कोपरा आणि खाली आलेले दिसतात चारही. सकाळी पुन्हा मोजा. एकच कोपरा उतरला असेल तर दोष त्याची बॅग (स्प्रिंगच्या जागी असलेली हवेची रबरी पिशवी), नळी किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधला (चाकांकडे हवा वाटून देणारा ठोकळा) त्याचा व्हॉल्व्ह, या तिघांत.

फ्यूज परत लावून गाडी सर्वांत उंच पातळीवर घ्या. चेसिसखाली स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. हवेवर उभी गाडी एका क्षणात खाली येते. बॅगेची घडी, म्हणजे रबर दुमडतं ती जागा, पाण्याने नीट धुवा. जांबोटीकडची लाल माती घडीत बसली की पॉलिश पेपरसारखी रबर घासते. मग लिटरभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण घालून फवारा. बारीक भेगा घडीतच असतात आणि गाडी खाली असताना मिटलेल्या राहतात. बुडबुडे नळीच्या जोडावर आले तर नशीब समजा : टोक पाच-सात मिलिमीटर काटकोनात कापून नवं फिटिंग घालायचं. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांसाठी मिळणारी न्यूमॅटिक (हवेच्या नळ्यांची) फिटिंग मापाला बसतील, पण ती बहुधा 10 बार दाबाची असतात, आणि काही गाड्यांच्या हवेच्या टाकीत 15 बारच्या वर दाब जातो. दाबाचा आकडा बघूनच घ्या.

बॅग फाटली असेल तर मागच्या दोन्ही बदला; उजवीचं वयही तेवढंच आहे. आधी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) हवा सोडा. बसवताना चाक लोंबतं ठेवूनच बॅगेत थोडी हवा भरा, मग हळूहळू वजन द्या. रिकाम्या बॅगेवर गाडी टेकवली तर घडी उलटी पडते आणि नवं रबर पहिल्याच दिवशी चिरतं. शेवटी स्कॅनरने उंची कॅलिब्रेट करा.

आता कॉम्प्रेसर. त्याच्या ड्रायरमधले दाणे हवेतला ओलावा शोषतात आणि गाडी खाली घेताना त्यांच्यातूनच परत जाणाऱ्या हवेने सुकतात. हवा भेगेतून निघून गेली तर ते ओलेच राहतात आणि ते पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. खानापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून दाणे बदला, पिस्टन रिंगही बघा. अनेक मॉडेलना ती सुटी मिळते. रिले (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) मात्र नवाच टाका. जुन्याचे पॉइंट चिकटले तर चावी काढल्यावरही मोटर चालत राहते आणि जळते.

प्रश्न : एअर सस्पेन्शनचं हे सगळं काढून साध्या कॉइल स्प्रिंग टाकल्या तर?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चालतं, पण डॅशबोर्डवरचा इशारा दिवा बंद करायला वेगळं मॉड्यूल लागतं, उंची बदलण्याची सोय जाते, आणि मागे माणसं-सामान भरलं की गाडी बसणारच. एका बॅगेसाठी हा खटाटोप करू नये. बॅगा, ब्लॉक, कॉम्प्रेसर तिन्ही गेले असतील तरच विचार करा.