वाचकांचे प्रश्न : खाजणातले साप

प्रश्न : ताई, गेल्या अंकात तुम्ही लहानपणी वडिलांबरोबर खाडीत साप बघायला जायचात, असा ओझरता उल्लेख केला होता. माझा अकरा वर्षांचा मुलगा तेव्हापासून मागे लागलाय. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीमागच्या नाल्यात साप निघाला, तो नाग समजून लोकांनी मारला. अंगावर चौकटी होत्या. तुम्ही नेमके कोणते साप शोधायचात? मुलाला पाठवावं का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : नाल्यातल्या त्या सापाचं वाचून जिवाला लागलं. अंगावर चौकटी होत्या म्हणता, तर ती बहुतेक दिवड असणार. डिवचली की ती मान चपटी करते आणि बघणाऱ्याला तो फणा वाटतो. ओळख डोळ्यापाशी असते : डोळ्याखालून मागे गेलेल्या दोन काळ्या तिरप्या रेघा. चावते कडकडून, रक्तही काढते, पण तिला विष नाही. आमच्या भातखाचरांत पावसाळ्यात पावलोपावली दिवड दिसायची.

आमचं गाव ऐरोलीजवळचं. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांची जमीन घेतली गेली, त्यांतलंच एक. बांधाच्या आत भात, बाहेर खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल, आणि मधे उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी अडवायचं, हे तिचं काम. आबा, म्हणजे माझे वडील, रात्री ती बघायला जायचे. मी कंदील धरून मागे.

उघाडीखालच्या डबक्यात मासे अडकायचे, आणि तिथेच तो बसलेला असायचा. आम्ही नुसतं पाणसाप म्हणायचो. ‘श्वानमुखी’ हे नाव मला कॉलेजात कळलं. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या अगदी वरच्या बाजूला, त्यामुळे अख्खं अंग पाण्यात आणि बाहेर फक्त दोन टिंबं. शेपटी तिवराच्या मुळाला अडकवून तो थांबायचा. निवटी, म्हणजे चिखलातली छोटी मासळी, जवळून गेली की पाणी एकदाच हलायचं, बस्स. कंदिलाच्या उजेडात मी ती दोन टिंबं शोधायचे. पाच-पाच मिनिटं काहीच दिसत नसे; आणि एक दिसलं की मग तिथेच आणखी तीन दिसत. त्याचं विष सौम्य, माणसाला भीती नाही. हा साप अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो.

एक रात्र मात्र वेगळी होती. साल १९७८, मी सातवीत. आबांनी दंड धरून मला थांबवलं. चिखलात एक बारीक, तुकतुकीत काळसर साप एका चिंबोरीला वेटोळ्यात धरून होता. चिंबोरी नुकतीच कात टाकलेली, लोण्यासारखी मऊ. सापाने ती ओढून तोडली आणि तुकडे गिळले. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, तर बाई म्हणाल्या, साप तोडून खात नाहीत, अख्खं गिळतात. मी गप्प बसले. जेरार्डचा पाणसाप कात टाकलेले खेकडे असेच फाडून खातो, हे शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. ते वाचलं तेव्हा आबा नव्हते. त्यांना वाचून दाखवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आबांचा एक नियम होता : आधी शेपटी बघायची. वल्ह्यासारखी चपटी असली तर तो समुद्रसाप, दहा पावलं मागे. समुद्रसाप खाडीत येतात आणि जहाल विषारी असतात. आपल्या दवाखान्यांतली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरची. समुद्रसापावर ती चालत नाही. म्हणून मुलाला एकट्याने किंवा नुसत्या मित्रांबरोबर खाजणात अजिबात पाठवू नका. शिवाय ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही. साप पकडणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात मुलाला घेऊन जा, सुरुवातीला तेवढं भरपूर आहे.

पण साप बघण्याआधी त्याला भरती-ओहोटी शिकवा. आपल्याकडे पुनवेला-अवसेला दुपारी बारा-एकच्या सुमारास भरती असते, म्हणजे चिखल उघडा पडतो तो दिवेलागणीला. पुढे रोज पाऊणएक तास उशीर. महिनाभर वहीत तिथी आणि वेळ लिहू दे. आबांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी हे सगळं बोटांवर मोजलेलं होतं.

आणि नाल्यात पुन्हा साप निघाला तर काठी शोधण्याआधी वनखात्याला १९२६ वर फोन करा. तोवर लोकांना लांब उभं करायचं काम मुलाला द्या. डोळ्याखालच्या दोन रेघा लांबूनही दिसल्या, तर तोच सांगेल ती दिवड आहे म्हणून.