सोयाबीन आता विकावं की पाडव्यापर्यंत थांबावं? (औसा भागातील सदस्याच्या प्रश्नाला उत्तर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 40 क्विंटल सोयाबीन घरात आहे, बाजारात क्विंटलला 4,200 चा भाव निघतोय, कृषी केंद्राची उधारी, मळणी आणि हरभऱ्याची पेरणी धरून 75 हजारांची गरज आहे, आणि थोरले भाऊ म्हणतात, गुढीपाडव्याला सहा हजार होणार, हात लावू नका.

सहा हजार होणार की नाही, हे मी सांगणार नाही, भावानेही सांगू नये. त्याआधी थांबण्याचा खर्च काढा. उधारी महिना 2 टक्क्यांनी असेल तर पाच महिन्यांत 4,200 वर 420 रुपये गेले. 12 टक्के ओलाव्याचा माल घरात 10 टक्क्यांवर आला की क्विंटलमागे सव्वादोन किलो वजन उडतं, ते 90-95 रुपये. बारदाना, पुन्हा हमाली, उंदीर-घूस मिळून 60 धरा. म्हणजे मार्चमध्ये 4,775 च्या आसपास भाव मिळाला तर तुम्ही आजच्या 4,200 वरच आहात. भावाला हा आकडा दाखवा आणि विचारा, आज हातात 1,68,000 रोख असते तर त्या पैशाचं सोयाबीन विकत घेऊन ठेवलं असतं का? बहुतेक जण नाही म्हणतात. पोती घरात पडली असली की तोच माणूस खुशाल सट्टा खेळतो.

‘थांबला तो जिंकला’ हे आपल्या भागात 2021 मुळे डोक्यात बसलंय. त्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरला भाव दहा हजारांच्या वर गेला होता. पण तेव्हा शेतकऱ्याच्या घरात माल होता किती? आणि ऑगस्टमध्येच केंद्राने 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवा माल येईपर्यंत भाव खाली. पुढे 2022 आणि 2023 च्या हंगामांत नोव्हेंबरचा भाव नंतरच्या मार्च-एप्रिलपेक्षा बरा होता. म्हणजे पाडव्याची वाट पाहणारा दोन्ही वर्षं व्याजासकट बुडाला.

याचं कारणही सांगतो, कारण ज्वारी-गव्हाचा अंदाज सोयाबीनला लावून चालत नाही. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल निघतं, बाकी जवळपास सगळी पेंड. त्यामुळे भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त हलतो. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीला. मका-तांदळाच्या इथेनॉल कारखान्यांतून निघणारं डीडीजीएस (धान्याचा उरलेला सुका चोथा) स्वस्तात मिळू लागल्यापासून खाद्यवाले पेंड कमी उचलतात. तेलाचा भाव आयात शुल्कावर: सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क वाढलं, मे 2025 मध्ये कच्च्या तेलावरचं पुन्हा 20 चं 10 टक्के झालं. आणि ब्राझीलचा माल जानेवारीपासून निघतो, नेमका तुमचा भाऊ ज्या काळाकडे डोळे लावून बसलाय त्याच काळात. यातलं काहीही औशाच्या आवकेवर ठरत नाही.

वायदे बाजारात आधीच भाव पक्का करून ठेवण्याची सोय होती, तीही गेली. सेबीने (वायदे बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि बंदीची मुदत वाढवत नेली. तेव्हा आपल्या हातात उरलं काय, तर हमीभाव, माल तारण ठेवून कर्ज आणि तुकड्यातुकड्याने विक्री.

2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 आहे. बाजारापेक्षा 1,128 जास्त. चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) दीड महिना उशिरा आला तरी व्याज जेमतेम 126 रुपये जातं, त्यामुळे ‘पैसे लवकर मिळत नाहीत’ म्हणून हमीभावाचं खरेदी केंद्र टाळणं हिशेबात बसत नाही. अडचण असते ती दुसरीच: ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, डागी आणि काडीकचऱ्याचा माल परत येतो, आणि हेक्टरी मर्यादेपेक्षा जास्त घेत नाहीत.

म्हणून आधी माल वेगळा करा. पावसात सापडलेल्या, काळपट दाण्यांची पोती एका बाजूला. तो माल केंद्रावर चालणार नाही आणि ठेवून सुधारणारही नाही, उलट बुरशी धरतो. तो आत्ताच बाजारात. 75 हजारांसाठी 4,200 ने 18 क्विंटल पुरतात. डागी मालाला तीन-चारशे कमी मिळाले तर 20 लागतील. सकाळी पोटलीचा (नमुन्यावरून निघालेला) भाव ऐकून लगेच काटा करू नका, सौद्याची बोली होऊ द्या, आणि बाजारात नेण्याआधी गावातल्या कुणाच्या तरी मॉइश्चर मीटरवर माल बघून घ्या. नाहीतर व्यापारी म्हणेल तेवढा ओलावा आणि तो म्हणेल तेवढी कपात. पट्टी (विक्रीची पावती) हातात घेतल्याशिवाय हलू नका.

उरलेला चांगला माल चाळणी मारून, दोन उन्हं देऊन केंद्रासाठी ठेवा. मर्यादेबाहेर जो राहील तो घरात न ठेवता बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवा. पणन मंडळाच्या योजनेत बाजारभाव किंवा हमीभाव, जो कमी असेल त्याच्या 75 टक्के रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. म्हणजे क्विंटलमागे 3,150 हातात, पाच महिन्यांचं व्याज सुमारे 79 रुपये. उधारीच्या 420 शी तुलना करा! सगळ्याच समित्या योजना राबवत नाहीत, तेव्हा आधी सचिवांना विचारून घ्या.

तारणातला माल मात्र तारीख ठरवून विका. मी असतो तर 4,800 दिसले की निम्मा काढला असता आणि उरलेला फेब्रुवारीअखेर, मग भाव काहीही असो. हे आजच वहीत लिहा आणि भावाची सही घ्या, म्हणजे जानेवारीत घरात वाद नाही. (चेष्टा नाही, आमच्याकडे असंच चालतं.)

बियाण्यासाठी स्वच्छ, न भिजलेली चार-पाच पोती मात्र यातून वगळा. सोयाबीनची साल नाजूक असते, थप्पी उंच लावू नका, पोती आपटू नका, आणि मे महिन्यात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. 70 उगवले तर बियाणं, नाहीतर बाजार.

हमीभावाच्या नोंदणीला सातबारा, आधार, बँक पासबुक आणि ई-पीक पाहणीची नोंद लागते. पीक पाहणी राहिली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून उद्या सकाळी आधी तलाठ्याला गाठा.